जमिनीलगत बसलेली पद्मिनी

प्रीमियर पद्मिनी ही कुर्ल्याच्या कारखान्यातली गाडी. १९६४पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ आणि १९७४पासून ‘पद्मिनी’ या नावाने ती २०००च्या सुमारापर्यंत निघत राहिली. ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या टॅक्सींतूनही ती गेली. जुन्नर-आंबेगावात मात्र एखाद्या पडवीत ती अजून भेटते. घरातली तरुण मुले स्प्रिंगा कापून तिला जमिनीलगत बसवतात. गाडी झोकदार दिसते. पण माळशेज घाटाच्या वळणावर ती हाताला ओढ देऊ लागते आणि बघता बघता टायर आतल्या बाजूने खाते. हे का होते आणि गावच्या लेथवर ते कसे सावरता येते, ते पाहू.

पुढचे प्रत्येक चाक दोन आडव्या बाहूंनी धरलेले असते. वरचा बाहू आखूड, खालचा लांब. गाडी खाली बसली की चाक तिच्या मानाने वर सरकते. आखूड बाहू लहान वर्तुळात फिरतो, म्हणून चाकाचा माथा आत ओढला जातो. मेकॅनिक याला ‘कॅम्बर’ म्हणतात. स्टिअरिंगचा दांडा चाकाला तिसरीकडे धरतो. त्याचे वर्तुळ बाहूंशी जुळेनासे झाले की दोन्ही चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळतात, तो ‘टो’.

आधी मोजायचे, मग घडवायचे. सपाट फरशीवर, टायरमध्ये सारखी हवा भरून, गवंड्याचा ओळंबा चाकालगत सोडावा. रिंगच्या वरच्या आणि खालच्या कडेत ३६ सेंटीमीटर अंतर असेल आणि ओळंब्यापासूनच्या मापांत ६ मिलिमीटर फरक पडला, तर चाक साधारण १ अंश कललेले आहे. टोसाठी गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणून रिंगच्या पुढच्या आणि मागच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे.

कॅम्बरसाठी लागते ती साध्या पोलादाची चकती. वरचा बाहू बाहेर सरकेल अशा बाजूला ती बोल्टखाली घालायची. चाकाच्या वरच्या-खालच्या सांध्यांत २३ सेंटीमीटर अंतर असेल, तर ४ मिलिमीटरची चकती सुमारे १ अंश परत देते. चकती फक्त दाबली जाते, म्हणून ती घरी बनवलेली चालते. बोल्ट मात्र त्या मानाने लांब आणि डोक्यावर ८.८ कोरलेला हवा; नटाचे सगळे आटे भरले पाहिजेत.

टोसाठीचा भाग आमच्या शेतकऱ्याला ओळखीचा आहे. ट्रॅक्टरच्या टॉप लिंकला एका टोकाला सुलटे, दुसऱ्या टोकाला उलटे आटे असतात. मधली नळी फिरवली की लांबी कमी-जास्त होते. स्टिअरिंगच्या दांड्याची नळी याच तत्त्वावर चालते. नारायणगाव-मंचरकडचा लेथवाला ती करून देऊ शकतो, पण तयार आटे कापलेल्या अखंड सळईतून. जोड देऊन नव्हे. कॅम्बर बदलला की टोही हलतो, म्हणून टो शेवटी लावायचा.

घरगुती कामाची हद्द इथे संपते. स्प्रिंग गॅसने कापली की उष्णतेने तिचे पाणी उतरते. कापायचीच तर ग्राइंडरने, थंड ठेवून. स्टिअरिंगचे बाहू, चाकाचा खुंट आणि बॉल जॉइंट यांना वेल्डिंग लावू नये. तिथला जोड तुटला तर चाक चालकाच्या हातात राहत नाही, आणि घाटात समोरून एसटी येत असते. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलांना मनाई करते, हेही ध्यानात ठेवावे.

स्वस्त सुटा भाग धोक्याचाच असतो असे नाही. त्याच्यावर दाब येतो, ताण येतो की पीळ, हे न विचारता बसवलेला भाग धोक्याचा. ओळंबा आणि दोरी ज्याच्या घरी आहे, त्याच्याकडे निम्मी कार्यशाळा आहे. उरलेली निम्मी म्हणजे कुठे थांबायचे याची समज.