कपाटातला जुना कॅमेरा : आठवणी, बुरशी आणि पारा

घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीसारख्या गावांत एकेकाळी फोटो म्हणजे घरातला सोहळा असे. लग्न, बारसे, मुलाचा पहिला शाळेचा दिवस, अशा मोजक्या प्रसंगीच कॅमेरा बाहेर निघायचा. त्या काळातले कॅमेरे आज अनेक घरांत ट्रंकेच्या तळाशी किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर पडून आहेत. नव्या पिढीला त्यांचे पुन्हा आकर्षण वाटू लागले आहे. त्यामागे विज्ञान आहे आणि थोडी काळजीही घ्यावी लागते.

आकर्षणाचे पहिले कारण यंत्रातच आहे. जर्मनीतल्या वेट्झलरच्या लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक यांनी घडवलेला 'लायका' १९२५ मध्ये बाजारात आला. त्यात बॅटरी नव्हती. स्प्रिंगच्या ताणावर चालणारे कापडाचे दोन पडदे एकामागून एक सरकत आणि त्यांच्यामधल्या फटीतून सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरता प्रकाश फिल्मवर पडे. पुढच्या यांत्रिक कॅमेऱ्यांत संथ वेग राखण्यासाठी घड्याळासारखी दातेरी चाकांची साखळी आली. आपल्याकडे बडोद्यात तयार होणारा 'अॅग्फा क्लिक थ्री' मात्र अगदी साधा होता. त्याच्या एका रोलमध्ये १२ फोटो निघत. मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा दिसेपर्यंत रोल हाताने फिरवायचा.

दुसरे कारण मनाचे. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाने घडवला आणि तोही घराच्या ओढीने होणाऱ्या आजारासाठी. आज मानसशास्त्र त्याला आजार मानत नाही. ब्रिटनच्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांच्या प्रयोगांत गोड आठवणी जागवल्यावर माणसाला आपण एकटे नाही असे वाटू लागते, असे आढळले आहे. अमेरिकेतल्या फेअरफील्ड विद्यापीठाच्या लिंडा हेन्केल यांनी संग्रहालयात केलेला प्रयोगही बोलका आहे. लोकांनी ज्या वस्तूंचे फोटो काढले, त्यांचे तपशील त्यांना केवळ पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवले. वस्तूचा एखादा भाग जवळून टिपला, तेव्हा मात्र ही घट दिसली नाही. हा प्रयोग डिजिटल कॅमेऱ्यावरचा होता. त्यामुळे फिल्ममुळे स्मरण सुधारते, असे त्यावरून म्हणता येत नाही. पण १२ किंवा ३६ फोटोंचीच मुभा असली की माणूस खटका दाबण्याआधी नीट पाहतो, एवढे खरे.

आता काळजीचे. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पावसाळ्यात हवा दमट होते. दमट, बंद आणि अंधाऱ्या जागेत भिंगावर बुरशी धरते. तिचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात आणि त्यातून निघणारी आम्ले काचेवर कायमचे डाग पाडतात. चामड्याचे कव्हर ओल धरून ठेवते, म्हणून कॅमेरा त्यातून बाहेर काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा. महिन्यातून एकदा शटर चालवावे, नाहीतर आतले वंगण घट्ट होऊन ते अडकते. ऊन दाखवताना भिंग सूर्याकडे धरू नये. कापडी पडद्याला भोक पडू शकते.

निगेटिव्हची गोष्ट याहून नाजूक आहे. अॅसिटेटची जुनी फिल्म उष्णता आणि ओलाव्याने विघटित होऊ लागते. व्हिनेगरसारखा आंबट वास आला की ती सुरुवात समजावी. अशा पट्ट्या इतरांपासून वेगळ्या काढून त्यांचे लगेच स्कॅनिंग करून घ्यावे. आजोबांचा एकमेव फोटो त्याच पट्टीवर असू शकतो.

सर्वांत महत्त्वाचा इशारा बॅटरीचा. प्रकाशमापक असलेल्या साठ-सत्तरच्या दशकातल्या अनेक कॅमेऱ्यांत १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा बटण सेल असे. पारा मज्जासंस्थेला घातक असल्याने असे सेल पुढे बंद झाले. तो आत राहिला असेल तर हातमोजे घालून काढावा. कप्प्यात पांढरा-हिरवा थर असेल तर त्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये. सेल फोडू नये, जाळू नये, कचऱ्यात टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावा. त्याजागी १.५ व्होल्टचा साधा सेल घातला तर मापन चुकते. श्रवणयंत्रात वापरला जाणारा १.४ व्होल्टचा झिंक-एअर सेल अधिक जवळचा ठरतो. कोणताही बटण सेल मुलांच्या हाती लागू देऊ नये. तो गिळला गेल्यास अन्ननलिका काही तासांतच भाजू शकते, म्हणून वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

सेल काढला, भिंग कोरडे ठेवले आणि निगेटिव्ह वाचवल्या, की जुना कॅमेरा निर्धास्तपणे घरच्या मुलांच्या हाती देता येईल. त्यांना फोकसचे कडे फिरवू द्यावे आणि फोटोत कोण कोण आहे ते मोठ्यांनी सांगावे. ती नावे सांगणारे घरात आहेत, तोवरच हे शक्य आहे.