पट्टे बदलले म्हणून जात बदलत नाही

झेब्रा लोच, म्हणजे बोटिया स्ट्रिआटा, हा कृष्णेच्या खोऱ्यातला मासा. सी. आर. नारायण राव यांनी १९२० साली शिमोग्याच्या तुंगा नदीतील नमुन्यांवरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. लांबी बोटाएवढी, अंग पिवळसर, त्यावर डोक्यापासून शेपटीपर्यंत गडद तपकिरी तिरके पट्टे, तोंडाशी आखूड मिशा. डोळ्याखाली एक काटा दडलेला असतो. मासा घाबरला की हा काटा उभा राहतो आणि जाळीत हमखास अडकतो. सुरत मात्र कृष्णेच्या खोऱ्याबाहेरचे, तापीकाठचे शहर. तिथल्या फिश टँकच्या दुकानात हा मासा येतो तो पुरवठादाराच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून, आणि पिशवीवर नदीचे नाव लिहिलेले नसते. मग एकाच पिशवीतल्या दोन माशांचे पट्टे वेगळे दिसले की ‘हा दुसऱ्या जातीचा’, ‘हा मिक्स’, ‘हा आजारी’ अशी निदाने सुरू होतात. त्यांतली बहुतेक चुकतात.

सर्वांत पक्का गैरसमज म्हणजे एका जातीचे सगळे मासे छापाचे गणपती असावेत तसे सारखे असतात. झेब्रा लोचमध्ये पट्ट्यांची संख्या ठरलेली नसते. काहींचे पट्टे दोऱ्यासारखे बारीक, काहींचे रुंद. कुठे एक पट्टा मध्येच फुटून दोन होतात, कुठे दोन शेजारी पट्टे एकमेकांत मिसळतात. एकाच माशाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरची नक्षीही तंतोतंत जुळत नाही. या फरकाने अभ्यासकांनाही चकवले आहे. कोल्हापूरच्या माशांची यादी १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिथल्या झेब्रा लोचला ‘कोल्हापुरेन्सिस’ हा निराळा प्रकार मानून नाव दिले गेले. आज ते नाव बोटिया स्ट्रिआटाचेच दुसरे नाव समजले जाते. प्राणिनामकरणाच्या नियमांप्रमाणे १९६० नंतर निव्वळ ‘प्रकार’ म्हणून दिलेल्या नावाला स्थानच नाही. दुकानात चिकटवलेल्या नावांची तर गोष्टच सोडा.

दुसरा घोटाळा वयाचा. उत्तर भारतातल्या नद्यांतला योयो लोच लहानपणी इंग्रजी वाय आणि ओ ही अक्षरे ओळीने लिहिल्यासारखा दिसतो; त्याचे बाजारी नाव त्यावरूनच पडले. वय वाढते तशी अक्षरे तुटतात, मध्ये नवे ठिपके आणि आडवे तुकडे भरतात आणि मोठ्या माशाच्या अंगावर जाळी उरते. म्यानमार-थायलंड सीमेवरच्या बोटिया कुबोताईचेही तसेच. पिल्लू आणि मोठा मासा शेजारी ठेवले तर अनोळखी माणूस त्यांना दोन जाती म्हणेल. योयोच्या बाबतीत गोंधळाला आणखी एक कारण आहे. बोटिया अल्मोऱ्हे हे १८३१ चे नाव आणि बोटिया लोहाचाटा हे १९१२ चे. या दोन जाती की एकच, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. दुकानदाराला त्याबद्दल बोल लावता येत नाही.

‘रंग उडाला म्हणजे मासा आजारी’ हे निदान सर्वांत घाईचे. माशाच्या कातडीत काळ्या रंगद्रव्याच्या पेशी असतात आणि त्यांच्या आत सूक्ष्म कण असतात. हे कण पेशीभर पसरले की मासा गडद दिसतो, मध्यभागी गोळा झाले की फिका. ही हालचाल मज्जातंतू आणि संप्रेरकांच्या इशाऱ्यावर काही मिनिटांत होते. पांढऱ्या तळाच्या, झगझगीत दिव्याखालच्या उघड्याबोडक्या टाकीत मासा फिका पडतो. शत्रूच्या नजरेत न येण्याची ती नैसर्गिक सोय आहे. काळसर वाळू, दगड आणि लपायला पाइपचा तुकडा मिळाला की रंग परत येतो. दुकानात फिकट दिसलेला मासा घरी दोन दिवसांत ‘सुधारतो’ तो औषधामुळे नव्हे. उलट फिकटपणा आठवडेच्या आठवडे टिकला तर रंगपेशींची संख्याच कमी होऊ लागते, आणि मग भरून यायलाही तितकाच वेळ लागतो. रात्री दिवा बंद केल्यावरही रंग उतरतो. पहाटे अचानक दिवा लावून पाहणाऱ्यांना म्हणून धक्का बसतो. क्लाऊन लोच तर वर्चस्वाच्या भांडणात अंगभर राखाडी होतात, काळे पट्टे जेमतेम ओळखू येतात आणि भांडण मिटले की नारिंगी रंग परततो. आजाराची लक्षणे वेगळी: मिटलेले पर, धापा टाकल्यासारखे हलणारे कल्ले, मिठाच्या खड्यांसारखे पांढरे ठिपके. लोचांना ठिपक्यांचा हा रोग लवकर जडतो, त्यामुळे नुसत्या फिक्या माशापेक्षा ठिपके असलेल्या माशाकडे आधी पाहावे.

खाद्याबद्दलचा समज अर्धा खरा आहे. लाल, नारिंगी आणि पिवळी कॅरोटिनॉइड द्रव्ये माशाला स्वतः तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच यावी लागतात. त्यामुळे क्लाऊन लोचचा नारिंगी रंग चांगल्या खाद्याने खुलतो. झेब्रा लोचच्या पट्ट्यांची मांडणी मात्र कोणत्याही खाद्याने बदलत नाही. रंगावरून नर-मादी ओळखण्याचा प्रयत्नही बोटियांत फसतो. भरलेली मादी पोटाने ओळखू येते, पट्ट्यांनी नाही.

उलट्या टोकाचा गैरसमजही आहे: रंगातला कोणताच फरक महत्त्वाचा नाही. बाजारात ‘काळा कुहली’ म्हणून विकला जाणारा मासा पट्टेदार कुहली लोचचा काळा अवतार नसून पँगिओ ऑब्लोंगा ही स्वतंत्र जात आहे. क्लाऊन लोच ही एकच जात. पण बोर्निओच्या माशांच्या पोटाखालच्या परांवर काळा डाग असतो आणि सुमात्राच्या माशांचे तेच पर पूर्ण नारिंगी असतात. म्हणजे इथला रंगफरक गावाचा पत्ता सांगतो. महाराष्ट्रातले उदाहरण तर याहून बोलके आहे. फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये पुण्याच्या नमुन्यांवरून ज्याचे वर्णन केले तो इंडोरिओनेक्टिस इव्हेझार्डी हा लोच दीर्घकाळ सह्याद्रीतला एक दूरवर पसरलेला मासा समजला जाई. २०२१ मध्ये उत्तर सह्याद्रीतून या प्रजातिसमूहातल्या नीलेशी आणि राजीवी या दोन नव्या जाती जाहीर झाल्या. निर्णय एकट्या रंगावर झाला नव्हता. शरीराची मोजमापे, डीएनए आणि मासा कुठल्या नदीत सापडला, हे सगळे जुळवून झाला.

नदी कुठली, हीच गोष्ट दुकानापर्यंत येता येता हरवते. झेब्रा लोच आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्त आहे. २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यात आलेल्या किमान ३० जातींचे सुमारे १५ लाख गोड्या पाण्यातले मासे शोभेसाठी निर्यात झाले. त्यांत झेब्रा लोच आघाडीवर होता. वेगळ्या पट्ट्यांचा मासा ‘दुर्मीळ’ म्हणून जास्त पैसे देऊन घेण्यात अर्थ नाही. सुरतेतल्या असो वा कोल्हापुरातल्या, घेणाऱ्याने दुकानदाराला एवढेच विचारावे: हा मासा कुठल्या नदीतून आला?