व्हिसा नको, पण परवानगी हवी

स्वीडनचा पासपोर्ट जगातील वजनदार पासपोर्टांमध्ये गणला जातो. शंभराहून अधिक देशांत तो दाखवून व्हिसाविना प्रवेश मिळतो. मात्र ‘व्हिसाविना’ म्हणजे ‘परवानगीविना’ ही समजूत आता खरी राहिलेली नाही. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, न्यूझीलंड अशा देशांकडे निघालेल्या स्वीडिश प्रवाशाला घर सोडण्यापूर्वीच संगणकावर अर्ज भरून मंजुरी मिळवावी लागते. ही मंजुरी पासपोर्टच्या रंगावरच दिली जात नाही. प्रवाशाचा जन्म, त्याचे दुसरे नागरिकत्व आणि यापूर्वीचे प्रवास यांचाही त्यात विचार होतो. त्यामुळे एकाच देशाचा पासपोर्ट बाळगणाऱ्या दोन शेजाऱ्यांना वेगवेगळी वागणूक मिळू शकते.

अमेरिकेची ‘एस्टा’

या पद्धतीचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेचे आहे. अमेरिकेच्या व्हिसामाफी योजनेत स्वीडनचा समावेश १९८९ मध्ये झाला. पर्यटन किंवा व्यावसायिक भेटीसाठी ९० दिवसांपर्यंत राहण्याची मुभा त्यातून मिळाली. ११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर व्हिसा न घेता येणाऱ्यांची माहिती विमान सुटण्यापूर्वीच हाती असावी, असा आग्रह अमेरिकेत वाढला. २००७ च्या कायद्याने त्याला आधार दिला आणि १२ जानेवारी २००९ पासून ‘एस्टा’ ही इलेक्ट्रॉनिक परवानगी सक्तीची झाली. २०२२ मध्ये जमिनीवरील सीमा ओलांडून येणाऱ्यांनाही ती लागू करण्यात आली.

एस्टा साधारणपणे दोन वर्षे किंवा पासपोर्टची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत चालते. २०१० मध्ये १४ डॉलर असलेले तिचे शुल्क २०२२ मध्ये २१ डॉलर आणि ३० सप्टेंबर २०२५ पासून ४० डॉलर झाले. तान्ह्या मुलालाही स्वतंत्र अर्ज करावा लागतो. केवळ विमान बदलण्यासाठी अमेरिकेत उतरणाऱ्यालाही त्यातून सूट नाही. नोकरी, पदवीचे शिक्षण किंवा बातमीदारी यांसाठी एस्टा चालत नाही. त्यासाठी रीतसर व्हिसाच घ्यावा लागतो. पासपोर्टमध्ये चिप असणेही बंधनकारक आहे. घाईच्या वेळी स्वीडिश पोलीस देतात तो गुलाबी तात्पुरता पासपोर्ट म्हणूनच येथे निरुपयोगी ठरतो.

एक पासपोर्ट, दोन दर्जे

खरी अडचण २०१५ च्या कायद्याने निर्माण केली. पॅरिसमधील हल्ल्यांनंतर अमेरिकी काँग्रेसने व्हिसामाफी योजनेला कात्री लावली. १ मार्च २०११ नंतर इराण, इराक, सीरिया किंवा सुदान येथे जाऊन आलेल्यांना, तसेच या देशांचे नागरिकत्वही असणाऱ्यांना एस्टा मिळणे बंद झाले. पुढे लिबिया, सोमालिया, येमेन आणि उत्तर कोरिया येथील प्रवासही या यादीत आला. १२ जानेवारी २०२१ नंतर क्यूबाला भेट दिलेल्यांनाही हा नियम लागू झाला. हिवाळ्यात उन्हाच्या ओढीने हवानाला गेलेल्या पर्यटकालाही पुढील अमेरिकावारीसाठी व्हिसाच्या रांगेत उभे राहावे लागते, ते यामुळेच.

स्वीडनमध्ये या नियमाची झळ अधिक जाणवते. इराण-इराक युद्ध, इराकमधील अस्थिरता आणि सीरियातील यादवी यांच्या प्रत्येक टप्प्यावर स्वीडनने मोठ्या संख्येने निर्वासितांना आश्रय दिला. त्यांपैकी अनेक जण आज स्वीडनचे नागरिक आहेत. २००१ पासून स्वीडनचा कायदा दुहेरी नागरिकत्वाला पूर्ण मान्यता देतो. इराणच्या कायद्यानुसार इराणी पित्याचे अपत्य जन्मतःच इराणी नागरिक मानले जाते आणि ते नागरिकत्व सोडण्यास तेथील सरकारची संमती लागते. त्यामुळे स्टॉकहोममध्ये जन्मलेली, तेहरान कधीही न पाहिलेली तरुणीही अमेरिकेच्या दृष्टीने एस्टासाठी अपात्र ठरू शकते.

याचा अर्थ अमेरिकेचे दार तिला कायमचे बंद झाले असा नाही. ती दूतावासात मुलाखत देऊन व्हिसा मागू शकते. पण सहकाऱ्यांना काही मिनिटांच्या अर्जावर मिळते ते मिळवण्यासाठी तिला अधिक शुल्क भरावे लागते आणि अनेकदा बराच काळ वाट पाहावी लागते. कंपनीने तातडीने परदेशी पाठवायचे ठरवले किंवा आप्ताच्या आजारपणाचा निरोप आला, तर हा फरक फार मोठा ठरतो.

इतर देशांचे नियम

कॅनडाने २०१६ मध्ये विमानप्रवाशांसाठी ‘ईटीए’ सुरू केली. तिचे शुल्क सात कॅनेडियन डॉलर असून मुदत कमाल पाच वर्षे आहे. परवानगी पासपोर्टच्या क्रमांकाशी जोडलेली असते आणि प्रौढांचा स्वीडिश पासपोर्टही पाच वर्षांचाच असतो. परिणामी ती पूर्ण मुदत क्वचितच वापरता येते. ऑस्ट्रेलिया युरोपीय नागरिकांना ‘ई-व्हिजिटर’ विनामूल्य देते. नावात नसला तरी कायद्याच्या भाषेत तो व्हिसाच आहे. न्यूझीलंडने १ ऑक्टोबर २०१९ पासून परवानगी सक्तीची केली आणि तिच्यासोबत पर्यटकांकडून वेगळा आकारही घेण्यास सुरुवात केली.

ब्रिटनचा बदल स्वीडिश नागरिकांना अधिक खटकला. युरोपीय संघाचे सदस्य म्हणून ते पूर्वी ओळखपत्र दाखवून लंडनला जात. ब्रेक्झिटनंतर, ऑक्टोबर २०२१ पासून पासपोर्ट आवश्यक झाला आणि २ एप्रिल २०२५ पासून ईटीएही. दोन वर्षांच्या या परवानगीचे शुल्क सुरुवातीला १० पौंड होते. आठवडाभरातच ते १६ पौंड करण्यात आले.

भारतीयांनी काय लक्षात घ्यावे

ही सवलत नागरिकत्वावर मिळते, वास्तव्यावर नाही. नोकरीनिमित्त स्टॉकहोम किंवा गोथेनबर्ग येथे राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाला स्वीडनचा निवास परवाना असला, तरी एस्टा मिळत नाही. त्याला अमेरिकेचा व्हिसाच घ्यावा लागतो. स्वीडनचे नागरिकत्व घेतल्यास ही वाट मोकळी होते, पण भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नसल्याने भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. त्यानंतर मायदेशी येण्यासाठी ओसीआय कार्ड किंवा भारताचा व्हिसा आवश्यक ठरतो.

अर्ज करताना संबंधित सरकारचेच संकेतस्थळ किंवा अॅप वापरावे. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळे याच कामासाठी कितीतरी पट रक्कम उकळतात. पासपोर्ट बदलल्यास नवा अर्ज करावा लागतो. दुसरे नागरिकत्व किंवा जुना प्रवास दडवणे तर महागात पडते, कारण खोटी माहिती पुढील व्हिसाच्या आड येऊ शकते. आणि परवानगी मिळाली तरी ती विमानात बसण्यापुरतीच असते. प्रवेश द्यायचा की नाही, हे शेवटी सीमेवरील अधिकारीच ठरवतो.