जुना चित्रपट नव्याने पाहताना

आवडता चित्रपट कितीही वेळा पाहिला तरी मनात एक इच्छा उरतेच. तो पुन्हा एकदा, अगदी पहिल्यांदा पाहिला तसा पाहता यावा. कथेतील पुढचे वळण ठाऊक नसावे, पडदा मोठा असावा आणि चित्र स्वच्छ, लखलखीत दिसावे. या इच्छेचे दोन भाग आहेत. एक पाहणाऱ्याच्या मनाशी निगडित आहे, तर दुसरा ज्या फितीवर तो चित्रपट उमटला आहे तिच्या प्रकृतीशी. पहिल्याबाबत फार काही करता येत नाही. दुसऱ्याबाबत मात्र बरेच काही करता येते आणि ते वेळेत झाले नाही तर पाहण्यासाठी चित्रपटच उरत नाही.

आधी मनाविषयी. पहिल्या वेळी प्रेक्षकाचे लक्ष 'पुढे काय होणार' या प्रश्नात गुंतलेले असते. कथा ठाऊक झाली की नजर मोकळी होते आणि कडेला उभी असलेली माणसे दिसू लागतात. 'प्रभात'चा 'संत तुकाराम' (1936) याचे उत्तम उदाहरण ठरावे. लहानपणी तो पाहताना विष्णुपंत पागनीसांचे तुकाराम आणि अखेरीस येणारे विमान एवढेच लक्षात राहते. पुढे स्वतःचा संसार सुरू झाल्यावर तोच चित्रपट पाहिला, की गौरी यांनी साकारलेली आवली दिसू लागते. तिची कटकट मग कटकट वाटत नाही. मुलांच्या पोटाची चिंता वाहणारी ती बाई विमान आले तरी मागे का राहते, हे तेव्हा उमगते. चित्रपट तोच असतो, बदललेले असतो आपण. पहिल्या वेळचा अनुभव परत मिळत नाही हे खरे, पण त्याच्या जागी मिळणारा अनुभव कमी मोलाचा नसतो.

मात्र या साऱ्यासाठी एक अट आहे. चित्रपट शिल्लक असला पाहिजे.

फीत का नष्ट होते?

पहिली काही दशके चित्रपट सेल्युलोज नायट्रेटच्या फितीवर निघत. या फितीवरील प्रतिमा अतिशय देखणी असे, परंतु ती कमालीची ज्वालाग्राही होती. एकदा पेटली की ती पाण्याखालीही जळत राहते. साधारण 1950 नंतर तिची जागा अॅसिटेटच्या 'सुरक्षित' फितीने घेतली. ही फीत सहसा पेट घेत नाही, पण उष्ण व दमट हवेत तिचे रासायनिक विघटन होते. त्यातून अॅसेटिक आम्ल सुटते, म्हणून डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. हे आम्ल विघटनाचा वेग आणखी वाढवते. फीत आकसते, वाकते, ठिसूळ होते आणि अखेर यंत्रावर चढवण्याजोगी राहत नाही. रंगीत चित्रपटांचे रंगही काळानुसार विटतात. बहुधा लालसर छटा तेवढी मागे उरते.

यात माणसांच्या बेफिकिरीची भर पडली. चित्रपटगृहातील धंदा संपला की प्रतीचे मोल संपले, असाच समज होता. कृष्णधवल फितीत चांदी असते, ती काढून घेण्यासाठीही कित्येक प्रती विकल्या गेल्या. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात झळकलेल्या 'आलम आरा' या भारतातील पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज ज्ञात नाही. पुढच्याच वर्षी आलेला 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट मात्र आजही पाहता येतो. या दोन चित्रपटांत अंतर जेमतेम वर्षभराचे. पण एक केवळ इतिहासाच्या पुस्तकात उरला आणि दुसरा पडद्यावर.

जपणूक आणि जीर्णोद्धार

पुण्यात 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. पी. के. नायर यांनी देशभर हिंडून, निर्मात्यांच्या गोदामांपासून अडगळीच्या खोल्यांपर्यंत शोध घेऊन असंख्य चित्रपट तेथे आणले. 2012 साली आलेला 'सेल्युलॉइड मॅन' हा माहितीपट त्यांच्याच कार्यावर आहे. त्याचे दिग्दर्शक शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी 2014 मध्ये मुंबईत 'फिल्म हेरिटेज फाउंडेशन' ही संस्था सुरू केली. तरीही धोका टळलेला नव्हता आणि नाही. जानेवारी 2003 मध्ये पुण्यातच नायट्रेट फितींच्या एका भांडाराला आग लागली आणि जुन्या चित्रपटांच्या दुर्मीळ फिती भस्मसात झाल्या.

जपणूक म्हणजे फीत थंड व कोरड्या जागी ठेवणे. जीर्णोद्धार ही त्यापुढची पायरी. प्रथम मूळ निगेटिव्ह आणि जगभर विखुरलेल्या प्रती यांचा शोध घेतला जातो. सर्वांची तुलना करून प्रत्येक दृश्यासाठी उत्तम भाग निवडतात. फाटलेले जोड आणि तुटलेली छिद्रे हातांनी दुरुस्त करावी लागतात. त्यानंतर फीत धुऊन एकेक चौकट स्कॅन केली जाते. एका सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे अडीच तासांच्या चित्रपटात 2 लाख 16 हजार चौकटी होतात. फितीची लांबी चार किलोमीटरहून अधिक भरते! मग संगणकावर धूळ, ओरखडे आणि चित्राची थरथर काढली जाते. रंग व आवाज मूळच्या जवळ आणले जातात. श्याम बेनेगल यांच्या 'मंथन'चा (1976) जीर्णोद्धार होताना त्याचे छायालेखक गोविंद निहलानी यांचे मार्गदर्शन लाभले. पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केलेला हा चित्रपट 2024 साली कान महोत्सवात आणि त्यानंतर भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा झळकला. त्यातली स्मिता पाटील अनेक तरुणांनी तेव्हा प्रथमच मोठ्या पडद्यावर पाहिली.

याहून कठीण कथा 'पथेर पांचाली'ची. 1993 साली लंडनमधील एका प्रयोगशाळेला आग लागून सत्यजित राय यांच्या चित्रपटांच्या निगेटिव्ह होरपळल्या. जळके तुकडे टाकून न देता जपून ठेवले गेले. सुमारे दोन दशकांनंतर इटलीतील बोलोन्या येथील तंत्रज्ञांनी ते पुन्हा लवचीक करून स्कॅन केले. 2015 मध्ये तो चित्रपट नव्या तेजाने पडद्यावर आला. 1975 च्या 'शोले'चेही असेच. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरमुळे बदललेला त्याचा शेवट जीर्णोद्धारित प्रतीत मूळ रूपात परतला आणि 2025 साली बोलोन्यातच त्याचा पहिला खेळ झाला. ज्यांना त्यातला संवाद न् संवाद पाठ होता त्यांनाही अखेरचा प्रसंग नवा होता. आवडता चित्रपट पुन्हा पहिल्यांदा पाहण्याची इच्छा इतक्या शब्दशः क्वचितच पूर्ण होत असेल.

नवे म्हणजे काय?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जीर्णोद्धार आणि नूतनीकरण या भिन्न गोष्टी आहेत. 'मुघल-ए-आझम' (1960) 2004 मध्ये आणि 'नया दौर' (1957) 2007 मध्ये रंगवून पुन्हा प्रदर्शित झाले. त्यामुळे नवा प्रेक्षक आला, हे नाकारता येणार नाही. पण कृष्णधवल छायाचित्रणातील छायाप्रकाशाची योजना रंग डोळ्यांपुढे ठेवून केलेली नसते. अतिस्वच्छतेचेही तसेच आहे. फितीच्या प्रतिमेत जे बारीक कण असतात तो दोष नव्हे, तिचा पोत आहे. तो पुसून टाकला की माणसांचे चेहरे मेणाचे दिसू लागतात. जुन्या चित्रपटांची चौकट जवळपास चौकोनी असे. ती आजच्या रुंद पडद्यावर ताणली तर माणसे बुटकी दिसतात आणि कापली तर कपाळ किंवा हनुवटी जाते. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तर तक्रार करू नये. बहुधा तेच चित्र खरे असते.

रसिकांनाही यात वाटा उचलता येईल. जुना चित्रपट मोठ्या पडद्यावर लागला तर तिकीट काढून जावे, कारण प्रेक्षक आहे असे दिसले तरच पुढच्या चित्रपटावर खर्च करण्यास कुणी धजावते. घरात वडील, आजोबांच्या काळातील 8 किंवा 16 मिलिमीटरच्या फितींचे डबे असतील तर ते माळ्यावरच्या उकाड्यात ठेवू नयेत. आंबूस वास येत असल्यास ते इतर फितींपासून वेगळे करून जाणकारांना दाखवावेत. रद्दीत तर मुळीच देऊ नयेत. कुणी सांगावे, एखाद्या चित्रपटाची अखेरची प्रत अशाच एखाद्या डब्यात असेल.