बिबट्या, कोआला आणि सोसायटीचा ग्रुप

मार्च 2024 च्या अखेरीस वसई किल्ल्यात बिबट्या दिसला, तेव्हा एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मध्यरात्रीपर्यंत जाग असायची. खरं तर किल्ला पश्चिमेला, खाडीच्या तोंडाशी. आम्ही पूर्वेला, रेल्वे आणि अहमदाबाद हायवेच्या मधल्या पट्ट्यात. तरी कुणाला पार्किंगमध्ये पायाचे ठसे सापडले (कुत्र्याचे निघाले), तर कुणी तीन वर्षांपूर्वीचा भलत्याच गावचा व्हिडिओ 'आत्ताचा' म्हणून पुढे ढकलला. सुमारे 25 दिवसांनी तो बिबट्या पिंजऱ्यात सापडला आणि ग्रुप पुन्हा पाण्याच्या टँकरकडे वळला. पण त्या दिवसांत कायद्याचं जे ज्ञान फुकट वाटलं गेलं, त्यातलं बरंचसं चुकीचं होतं.

सगळ्यात ठाम विधान होतं ते मुलगा ब्रिस्बेनला असलेल्या एका काकांचं. "बिबटे चिक्कार झालेत. कोआलासारखे दुर्मीळ थोडेच आहेत?" कोआला गोड दिसतो, अस्वल नसूनही अस्वल म्हणवून घेतो आणि कुणाच्या कुत्र्याला उचलून नेत नाही. त्यामुळे त्याच्याबद्दल कळवळा वाटणं सोपं. प्रत्यक्षात प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत कोआला आणि बिबट्या दोघेही एकाच खान्यात आहेत: 'असुरक्षित'. आणि चिक्कार म्हणजे किती? 2022 च्या गणनेचा अंदाज भारतात 13,874 बिबटे असा आहे. त्यातले महाराष्ट्रात 1,985. सगळे वानखेडेवर बसवले तरी निम्मं स्टेडियम रिकामं राहील. एखाद्या तालुक्यात ते जास्त दिसतात, हे खरं. पण तसं कोआलाचंही आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कांगारू बेटावर ते इतके वाढले होते, की सरकारला त्यांची नसबंदी करावी लागली. उलट उत्तरेकडच्या क्वीन्सलँडमध्ये 1927 च्या ऑगस्टमध्ये शिकारीला मोकळीक दिली, तेव्हा एका महिन्यात पाच लाखांहून अधिक कोआला कातड्यासाठी मारले गेले. चिक्कार असलेला प्राणी किती पटकन सरतो, ते काकांच्या मुलाच्याच राज्याने पाहिलं आहे.

आता हद्दीचा मुद्दा. ऑस्ट्रेलियाने फेब्रुवारी 2022 मध्ये कोआलाला 'संकटग्रस्त' ठरवलं ते क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानीच्या प्रदेशापुरतं. व्हिक्टोरियाची सीमा ओलांडली की हा दर्जा संपतो. आपल्याकडे ग्रुपवरचा समज असाच होता: "अभयारण्यात असेल तोवर तो संरक्षित, आमच्या गेटच्या आत आला की विषय वेगळा." भारतीय कायद्यात मात्र अशी सीमाच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. 2022 च्या दुरुस्तीने त्याच्या सहा अनुसूचींच्या चार झाल्या, बिबट्या पहिल्या अनुसूचीतच राहिला. संरक्षण प्राण्याला आहे, जागेला नाही. तो तुंगारेश्वर डोंगराच्या माथ्यावर असो, किल्ल्याच्या बुरुजावर असो की तुमच्या स्टिल्टमध्ये, शिकारीची शिक्षा तीच: किमान तीन वर्षं, कमाल सात वर्षं कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड.

आणि 'शिकार' म्हणजे फक्त बंदूक, असं समजू नका. कायद्याच्या व्याख्येत पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं आणि हाकणं हे सगळं येतं. तसा प्रयत्नसुद्धा. टॉर्च आणि फटाके घेऊन निघालेल्या पंचवीस जणांना आपण धाडस करतोय असं वाटत असतं.

याच्या उलट टोकाचा गैरसमजही तितकाच पसरलेला आहे: "त्याने आपल्याला फाडलं तरी आपण हात जोडून उभं राहायचं, असा कायदा आहे." साफ खोटं. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिक हेतूने प्राणी जखमी झाला किंवा मेला, तर कलम 11 नुसार तो गुन्हा नाही. अट एवढीच, की त्या वेळी तुम्ही याच कायद्याविरुद्ध दुसरं काही करत नसावात.

"मग फॉरेस्टवाले पिंजरा का लावत नाहीत?" हा प्रश्न दर दहा मिनिटांनी यायचा. पिंजरा म्हणजे उंदराचा सापळा नव्हे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि नुसता बिबट्या दिसला म्हणून त्याला पकडू नये, असं केंद्राच्या 2011 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. यामागे जुन्नरचा कडू अनुभव आहे. तिथे 2001 नंतर उसातले बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याचा सपाटा लागला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला. आधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते, ते सतरावर गेले. अनोळखी मुलुखात टाकलेला, बिथरलेला प्राणी जास्त धोकादायक ठरतो. "उचला आणि लांब सोडा" म्हणजे आपली भीती दुसऱ्या गावाच्या दारात ठेवून येणं. किल्ल्यातला बिबट्या पकडला गेला, कारण तिथे पर्यटक, कोळीवाडा आणि जेट्टीची सतत वर्दळ. तो अपवाद होता. बिबट्या दिसलाच तर ग्रुपवर टाकण्याआधी 1926 या वनविभागाच्या क्रमांकावर कळवावं.

"पण तो इथे आलाच कसा?" खरं तर तो कुठून आलेला नाही. आमच्या गच्चीवरून पूर्वेला दिसतो तो तुंगारेश्वरचा डोंगर 2003 पासून अभयारण्य आहे, सुमारे 85 चौरस किलोमीटरचं. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि तानसा अभयारण्य यांना जोडणारा तो दुवा. 2021 मध्ये राष्ट्रीय उद्यानात 'महाराजा' नावाच्या बिबट्याला रेडिओ कॉलर लावली, तेव्हा तो चिंचोटी-भिवंडी रस्ता आणि वसई-दिवा रेल्वेमार्ग ओलांडून तुंगारेश्वरात गेल्याचं नकाशावर उमटलं. वारली आदिवासींना हे सांगायला कॉलर लागली नाही. पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगरांत मिळून वाघोबा या देवाची दीडशे ठाणी अभ्यासकांनी नोंदवली आहेत. 'वाघ' म्हणजे तिथे पट्टेवाला आणि ठिपकेवाला दोन्ही. (आमच्या ग्रुपवर तो तीनदा 'चित्ता' झाला होता.) वाघोबाला मानणाऱ्यांच्या कोंबड्या-शेळ्याही जातातच, पण बिबट्या इथला नाही, असं ते म्हणत नाहीत.

कायद्याला एक गोष्ट मात्र जमलेली नाही: शिकाऱ्याशिवाय येणारं मरण थांबवणं. इथे कोआला पुन्हा आठवतो. ऑस्ट्रेलियात कोआलाला मारायला आता शिकारी लागत नाही. तोडलेली जंगलं, रोगराई, कुत्री आणि गाड्या पुरतात. आपल्याकडे 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेला एक नर बिबट्या कॉलर लावून माळशेज घाटात सोडला होता. तो 'आजोबा'. सुमारे 120 किलोमीटर चालत तो बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. डिसेंबर 2011 मध्ये मुंबई-अहमदाबाद हायवेवर गाडीच्या धडकेने तो मेला. आमच्यातले अर्धे लोक रोज सकाळी त्याच हायवेने ठाण्याला जातात.