जुन्या स्पोर्ट्स कारचे टायर : नक्षीपेक्षा वय पाहा

जुन्या मोटारींचे शौकीन ग्राहक संख्येने थोडे. पण त्यांची कामे आपल्या समाजातील मेकॅनिक, टायरवाले व स्पेअर पार्टचे दुकानदार यांच्याकडे येतच असतात. अशा गाडीचे टायर बदलताना कारागिराचे ज्ञान आणि व्यापाऱ्याची नियत, दोहोंची कसोटी लागते. उदाहरणादाखल आम्ही येथे 'एमजीबी' ही इंग्लिश स्पोर्ट्स कार घेतो. इंग्लंडमधील एबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात ती पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाली.

पहिली बाब मापाची. या गाडीला सुरुवातीला 5.60-14 मापाचे क्रॉस-प्लाय, म्हणजे आपल्या बाजाराच्या भाषेत नायलॉन टायर येत. पुढे 155 आर 14 व 165 आर 14 ही रेडियल मापे आली. या जुन्या मापांत टायरच्या भिंतीच्या उंचीचा आकडा लिहिलेला नसतो. ती रुंदीच्या सुमारे 80 टक्के धरावी. त्या हिशेबाने 165 आर 14 टायरचा व्यास 620 मिलिमीटर भरतो. त्याऐवजी सहज मिळतो म्हणून 185/65 आर 14 बसवला, तर व्यास 596 वर येतो. मग स्पीडोमीटर 100 दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात 96 च्याच वेगाने धावत असेल. 185/70 आर 14 चा व्यास 615, म्हणजे मूळ मापाच्या जवळ. परंतु तारांच्या चाकांची रिम अवघी साडेचार इंच रुंद असते. तेथे रुंद टायर मागच्या मडगार्डला घासू शकतो आणि स्टिअरिंगही जड होते. रुंद तितका चांगला, हा समज येथे चालत नाही.

जुन्या तारांच्या चाकांत प्रत्येक तारेच्या भोकातून हवा निसटते. म्हणून आत ट्यूब हवीच, आणि तीही रेडियलला चालणारी व त्याच मापाची. एकाच अॅक्सलवर नायलॉन व रेडियल कधीही एकत्र बसवू नयेत. गाडीचा कमाल वेग ताशी 160 किलोमीटरच्या पुढे जातो. तेव्हा टायरवर निदान 'एस' (180 किलोमीटर) हे वेगाचे अक्षर असावे.

सर्वांत महत्त्वाची बाब वयाची. शौकाची गाडी वर्षातून थोडीच धावते. त्यामुळे नक्षी शाबूत राहते, पण रबर आतून कडक होत जाते. ते वळणावर पकड सोडते, वेगात फाटते. टायरच्या भिंतीवर 'डीओटी' खुणेच्या शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. केवळ तीन आकडे दिसले, तर तो टायर 2000 सालापूर्वीचा समजावा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर बदल, असा मिशेलिन कंपनीचा सल्ला आहे. ब्रिटनने फेब्रुवारी 2021 पासून ट्रक व बसच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांहून जुना टायर वापरण्यास मनाई केली. मोटारींना ती लागू नाही. पण रबराचा धर्म सगळीकडे सारखाच.

खरा मोह येथेच उभा राहतो. जून 2020 मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरच्या आयातीवर परवान्याचे बंधन घातले. जुन्या मापांचा माल आधीच दुर्मिळ. अशा वेळी गोदामात वर्षानुवर्षे पडलेला टायर काळे पॉलिश मारून 'कोरा' म्हणून खपवणे सोपे असते. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. पॉलिशखाली दडवलेला तारखेचा आकडा म्हणजे तेच ओले धान्य होय. येथे तर ग्राहकाच्या पैशाबरोबर त्याचा जीवही पणाला लागलेला असतो.

आमची व्यापारी बांधवांना सूचना एवढीच : टायर बसवण्यापूर्वी ते चार आकडे ग्राहकाला दाखवा आणि बिलावर लिहून द्या. योग्य माल नसेल, तर तसे स्पष्ट सांगा. आज एक सौदा हुकेल, पण शौकीन मंडळी एकमेकांना विचारूनच दुकान धरतात. विश्वास बसला की तोच ग्राहक चार जणांना घेऊन येईल, इन्शाअल्लाह.