कंबर धरली? झोपून राहू नका



वस्तीत आरोग्य शिबिर घेतले की आम्हाला हमखास ऐकू येते, "सिस्टर, कंबर धरलीय." चार घरची धुणीभांडी, आखूड झाडूने वाकून झाडलोट, नळावरचे हंडे, बाजारातली हमाली. कंबर बोलणारच.

मणक्याच्या दोन्ही बाजूंना स्नायूंचे जाड पट्टे असतात. तासन्‌तास वाकून काम केले की ते थकतात, आखडतात. बहुतेक कंबरदुखीत हाडाला काही झालेले नसते. 4 ते 6 आठवड्यांत दुखणे उतरते. पण भीतीने माणूस अंथरूण धरतो आणि स्नायू आणखी कमजोर होतात. फार तर एक-दोन दिवस आराम घ्या, मग हळूहळू चालायला लागा.

मालिशने आराम पडतो. कोमट तेल घेऊन तळहाताने मणक्याच्या बाजूच्या मांसल भागावर सावकाश दाब द्या. मणक्याच्या हाडावर नको. ताजा मार किंवा सूज असेल तर चोळू नका. मालिशचा आराम थोडा वेळच टिकतो. त्या वेळात व्यायाम करून घ्यावा :

1. उताणे झोपून गुडघे वाकवा. कंबर जमिनीला टेकवून 5 आकडे मोजा, सोडा.
2. एकेक गुडघा हाताने छातीकडे ओढा.
3. हातापायांवर ओणवे होऊन पाठ वर उचला, मग खाली सोडा.

प्रत्येक व्यायाम 10 वेळा, सकाळ-संध्याकाळ. दुखणे वाढले तर थांबा. हंडा उचलताना गुडघ्यात वाका, हंडा अंगाजवळ धरा. झाडूला लांब दांडा बांधा.

पायाळू माणसाची लाथ खाऊन कंबर बरी होत नाही, उलट इजा होते. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज खाल्ल्या तर पोट आणि मूत्रपिंड बिघडते.

पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला, लघवी-संडासवर ताबा राहिला नाही, तर त्याच दिवशी मोठे सरकारी रुग्णालय गाठा. पाठदुखीबरोबर ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे असेल तर मणक्याचा क्षयरोग असू शकतो. त्याची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

एका दवाखान्यात आमच्यासमोर एका सफाई कामगार ताईला हातही न लावता इंजेक्शन लिहून दिले गेले. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या स्पर्श नाकारला गेला, त्याला हे झोंबते. भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी धुतले होते. म्हणून डॉक्टरांना न बिचकता सांगा, "आधी तपासा, मग लिहा." तो आपला हक्क आहे.

आणि घरी आई कंबर धरून बसली, तर मुलांनो, मुलींइतकेच तुम्हीही हंडा उचला.